'आबेले' : लाटव्हियन भाषेतील सफरचंदाच्या झाडाचे नाव, त्याचे मूळ आणि वापर

लाटव्हियन भाषेत सफरचंदाच्या झाडाला 'आबेले' म्हणतात आणि फळाला 'आबुओल्स'. या शब्दांचे मूळ कोणते, लाटव्हियन ही संस्कृतच्या जवळची भाषा मानली जाते तर 'आबेले'चा एखादा संस्कृत भाऊबंद सापडतो का, आणि बोलता-लिहिताना झाडाचा शब्द कुठे व फळाचा कुठे वापरायचा, असे तीन प्रश्न येथे विचारले आहेत. मधल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. संस्कृतमध्ये, किंबहुना संपूर्ण भारत-इराणी शाखेत, या शब्दाचा सर्वमान्य भाऊबंद नाही. 'दिएव्स' आणि देव, 'उगुन्स' आणि अग्नी, 'दूमि' आणि धूम अशा जोड्या पाहून प्रत्येक लाटव्हियन शब्दामागे संस्कृत शब्द शोधण्याचा मोह होतो, परंतु फळझाडांच्या नावांत तो मोह आवरलेला बरा. तरीही 'आबेले'चा इतिहास उलगडायला संस्कृतची फार मोठी मदत होते. ती कशी, ते पुढे येईल.

आधी उच्चार स्पष्ट करून घेऊ. 'आबेले'तला पहिला 'आ' दीर्घ आहे, दोन्ही 'ए' ऱ्हस्व आहेत आणि लाटव्हियनच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे आघात पहिल्या अक्षरावर आहे. फळाचे नाव रोमन लिपीत लिहिताना दुसऱ्या अक्षरात नुसता 'ओ' असतो, त्यामुळे बाहेरचे लोक सर्रास 'आबोल्स' म्हणतात. पण लाटव्हियनच्या मूळच्या शब्दांत 'ओ' या अक्षराचा उच्चार 'उओ' असा संयुक्त स्वराचा होतो, म्हणून 'आबुओल्स' हेच खरे. हा बारकावा केवळ शुद्धोच्चारापुरता नाही, कारण शब्दाच्या व्युत्पत्तीची किल्ली नेमकी या 'उओ'मध्ये आहे.

शेजारच्या लिथुआनियन भाषेत झाड 'ओबेलिस' आणि फळ 'ओबुओलीस' आहे. लाटव्हियन आणि लिथुआनियन या दोन्ही बाल्टिक शाखेतल्या भाषा. जुना बाल्टिक दीर्घ 'आ' लाटव्हियनमध्ये 'आ'च राहिला आणि लिथुआनियनमध्ये 'ओ' झाला, एवढा फरक सोडला तर दोन्ही भाषांतली जोडी अक्षरशः एकाच साच्यातली आहे: झाडाच्या नावात 'एल', फळाच्या नावात 'उओल'. हा 'उओ' म्हणजे आणखी मागच्या काळातला दीर्घ 'ओ'. याचा अर्थ मूळ शब्दाच्या शेवटच्या भागातला स्वर रूपानुसार बदलत होता. कधी तो दीर्घ होता, कधी ऱ्हस्व, कधी लुप्त. हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. संस्कृतात दातृ शब्द चालवताना दातारम्, दातरि, दात्रा अशी रूपे होतात. प्रत्ययातला स्वर पहिल्या रूपात दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व आणि तिसऱ्यात नाहीसा. सफरचंदाचा मूळ शब्द असाच, फक्त 'र'ऐवजी 'ल'ने संपणारा आणि असाच चालणारा होता. कालांतराने ही वेगवेगळी रूपे एका शब्दाच्या विभक्ती म्हणून टिकली नाहीत. बाल्टिक भाषांनी त्यांतले एक रूप झाडाला आणि एक फळाला वाटून दिले.

म्हणूनच 'आबेले' हा शब्द 'आबुओल्स'ला प्रत्यय लावून बनवलेला आहे, हे विधान मला मान्य नाही. मराठीत लिंबू या फळावरून लिंबोणी हे झाडाचे नाव होते, डाळिंबावरून डाळिंबी होते; तिथे फळ आधी आणि झाड मागाहून, हे उघड दिसते. लाटव्हियन जोडीत तसे थोरले-धाकटे नाते नाही. दोघे एकाच आईची भावंडे आहेत आणि त्या आईचे रूपवैविध्य दोघांनी मिळून जपले आहे. युरोपच्या बहुतेक भाषांत हे झालेले नाही. जर्मनमध्ये झाडासाठी 'आप्फेलबाउम', म्हणजे सफरचंद-झाड, असा सरळ जोडशब्द करावा लागतो. रशियनमध्ये फळ 'याब्लोको' आणि झाड 'याब्लोन्या' असे वेगळे शब्द आहेत खरे, पण तिथे झाडाच्या नावाला 'न'चा वेगळा प्रत्यय लागलेला आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की अठराव्या शतकाच्या सुरुवातीस नामशेष झालेल्या प्राचीन प्रशियन या तिसऱ्या बाल्टिक भाषेतही हा 'न' दिसतो. सुमारे इ.स. १४०० च्या हस्तलिखितात टिकून राहिलेल्या, जवळपास ८०० शब्दांच्या एल्बिंग शब्दसंग्रहात फळ 'वोब्ले' आणि झाड 'वोबाल्ने' असे नोंदवलेले आहे. म्हणजे या एका बाबतीत प्रशियन भाषा आपल्या बाल्टिक बहिणींपेक्षा स्लाव्हिक शेजाऱ्यांच्या बाजूला उभी आहे.

आता पहिल्या दीर्घ 'आ'कडे वळू. जर्मन 'आप्फेल', जुने इंग्रजी 'अॅपल', जुने आयरिश 'उबल', वेल्श 'अवल' या सर्व भावंडांत पहिला स्वर ऱ्हस्व आहे. मग लाटव्हियनमध्ये तो दीर्घ कसा झाला? याचे उत्तर जर्मन भाषाशास्त्रज्ञ वेर्नर विंटर यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमात आहे. तो नियम मराठी वाचकाला युरोपीय वाचकापेक्षा लवकर समजतो, असा माझा अनुभव आहे, कारण आपल्या कानाला 'ब' आणि 'भ' हे वेगळे वर्ण म्हणूनच ऐकू येतात. बाल्टिक आणि स्लाव्हिक भाषांच्या समान पूर्वजात, ब, द, ग या अल्पप्राण घोष व्यंजनांच्या आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. भ, ध, घ या महाप्राणांच्या आधीचा मात्र ऱ्हस्वच राहिला. संस्कृत सद् या धातूचा लाटव्हियन सोयरा आहे 'सेदेत', म्हणजे बसणे, आणि त्यातला पहिला 'ए' दीर्घ आहे, कारण मुळात 'द' होता. संस्कृत मधु या शब्दाचा सोयरा 'मेदुस', आणि त्यातला 'ए' ऱ्हस्व आहे, कारण मुळात 'ध' होता. पुढे लाटव्हियनने महाप्राण टाकून दिले आणि दोन्ही शब्दांत सारखाच 'द' उरला. पण आधीच्या स्वराची लांबी जुन्या भेदाची साक्ष देत राहिली. संस्कृत व्यंजनाचा भेद राखून आहे, लाटव्हियन स्वराचा, आणि एकमेकींच्या साक्षी पडताळता येतात.

हाच न्याय 'आबेले'ला लावला की तिच्यातला 'आ' दीर्घ आहे त्या अर्थी मुळात 'भ' नव्हे, 'ब' होता, असे ठरते. जर्मेनिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या शाखेतल्या, भाषांत मूळ 'ब'चा 'प' होतो, आणि 'अॅपल'मध्ये तो झालेला दिसतो, म्हणजे दुसऱ्या वाटेनेही तोच निष्कर्ष निघतो. तिसरा पुरावा स्वराघाताचा आहे. लाटव्हियनमध्ये दीर्घ अक्षरांचे तीन सूर असतात: सपाट, उतरता आणि मधेच घशात किंचित अडकणारा 'मोडका'. 'आबेले'तला 'आ' मोडक्या सुराचा आहे, आणि विंटर यांच्या नियमाने लांबलेल्या स्वराकडून अशा शब्दात हीच अपेक्षा असते. तीन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाव्यात, असे व्युत्पत्तीच्या कामात क्वचितच घडते.

परंतु हा 'ब' ठरला की एक नवी अडचण उभी राहते. संस्कृत, लाटव्हियन आणि युरोपातल्या बहुतेक भाषा जिच्यापासून निघाल्या, त्या मूळ भारत-युरोपीय भाषेत 'ब' हा वर्ण कमालीचा दुर्मीळ होता. संस्कृत बल हा शब्द त्याच्या मोजक्या उमेदवारांपैकी एक, आणि त्याच्याविषयीही वाद आहेतच. त्यात भर म्हणजे सफरचंदाचा हा शब्द सेल्टिक (आयरिश, वेल्श), जर्मेनिक, बाल्टिक आणि स्लाव्हिक एवढ्याच, म्हणजे युरोपच्या उत्तर भागातल्या शाखांत आढळतो. ग्रीक 'मेलोन' आणि लॅटिन 'मालुम' हे शब्द निराळ्या मुळाचे आहेत. इटलीत एकच खूण सापडते, ती कम्पानिया प्रांतातल्या आबेल्ला या गावाची. रोमन कवी व्हर्जिलने या गावाला सफरचंदे पिकवणारे असे विशेषण लावले आहे, त्यामुळे गावाचे नाव याच शब्दावरून पडले असावे असे बरेच अभ्यासक मानतात. (पुढे गाव प्रसिद्ध झाले ते मात्र हेझलनटसाठी, त्या झुडपाच्या शास्त्रीय नावातले 'आवेल्लाना' याच गावावरून आले.) या मर्यादित भौगोलिक पसाऱ्यामुळे असा तर्क केला जातो की भारत-युरोपीय भाषा बोलणारे लोक उत्तर युरोपात पोहोचण्याआधी तिथे जे लोक राहत होते, त्यांच्या भाषेतून हा शब्द उचलला गेला असावा. भाषाशास्त्रज्ञ एरिक हॅम्प यांनी १९७९ मध्ये या शब्दावर स्वतंत्र लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच त्यांनी त्याला उत्तर युरोपीय शब्द म्हटले आहे.

माझे मत विचाराल तर उसनवारीची शक्यता मी नाकारत नाही, पण ती फार जुनी असली पाहिजे. दातृ शब्दासारखी स्वर बदलणारी चालवणी उशिरा आलेल्या पाहुण्या शब्दाला सहसा मिळत नाही. पाहुणा शब्द भाषेतल्या चालू, सोप्या साच्यात बसवला जातो. तेव्हा शब्द उसना असलाच, तर ती जुनी चालवणी जिवंत होती तेव्हाच तो घेतला गेला असणार. फिनिश 'ओमेना' किंवा तिच्या एस्टोनियन बहिणीतला शब्द यांच्याशी 'आबेले'चा संबंध नाही, म्हणजे उत्तरेच्या या शेजाऱ्यांकडून तो आलेला नाही, हे मात्र निश्चित.

शब्द कोणत्या झाडाला लावला जात होता, हाही विचार करायला हवा, कारण डोळ्यांपुढे बाजारातले गोड सफरचंद ठेवले तर वरचे सगळे गणित चुकते. आज आपण खातो त्या सफरचंदाचा मुख्य पूर्वज मध्य आशियातल्या तिएनशान पर्वताच्या रानात आहे, आणि तिथून ते पश्चिमेकडे आले. बाल्टिक किनाऱ्यावर मुळात होते ते युरोपीय रानसफरचंद: लहान, तुरट आणि आंबट फळांचे, काटेरी फांद्यांचे झाड. 'आबेले' हे आधी या रानझाडाचे नाव. गोड फळ मागाहून आले तेव्हा त्याला वेगळे नाव शोधावे लागले नाही. घरचे नाव तयारच होते, आणि रानटी झाडाला ओळखण्यासाठी 'मेझाबेले', म्हणजे रानातली आबेले, असा जोडशब्द झाला. वनस्पतिशास्त्राच्या लाटव्हियन परिभाषेत आजही रानटी जातीला 'मेझाबेले', लागवडीच्या जातीला 'माजास आबेले', म्हणजे घरची आबेले, आणि सगळ्या प्रजातीला मिळून अनेकवचनी 'आबेलेस' म्हणतात.

बागेतल्या इतर झाडांशी ताडून पाहिले की हे अधिक ठसते. १२०१ मध्ये रीगा शहर वसले आणि त्यानंतर जर्मन व्यापारी, धर्मगुरू व जमीनदार यांचा अंमल शतकानुशतके चालला. 'प्लूमे' (प्लम) आणि 'किर्सिस' (चेरी) हे लाटव्हियन शब्द त्या संपर्कात उत्तर जर्मनीच्या बोलीतून आलेले आहेत. ते नुसते फळांचे नव्हेत तर लागवडीच्या एका पद्धतीचेही शब्द आहेत. कलमी झाड आले, त्याबरोबर नाव आले. 'आबेले'ला जर्मन नाव विस्थापित करू शकले नाही. आपल्याकडे याच्या उलट झाले. सफरचंद महाराष्ट्राच्या रानातले नाही. ते व्यापाराच्या वाटेने आले, आणि त्याचे नाव अरबी 'सफरजल'वरून, म्हणजे मुळात बिहीच्या फळाच्या नावावरून, बेतले गेले. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा बिहीदाणा तो याच फळाचा.

आता वापराकडे येतो. 'आबेले' स्त्रीलिंगी आहे, 'आबुओल्स' पुल्लिंगी. फळ आणि झाड यांत लिंगभेद करण्याची ही रीत केळे आणि केळ म्हणणाऱ्या मराठी माणसाला नवी नाही. लाटव्हियनमध्ये मात्र सर्व फळझाडांना ती लागू नाही: 'प्लूमे' आणि 'किर्सिस' हे शब्द झाडालाही चालतात आणि फळालाही. त्यामुळे नवशिका हमखास 'बागेत तीन आबुओल्स लावले' असे वाक्य करतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मातीत पुरलेली तीन फळे उभी राहतात.

जोडशब्दांत कोणता घटक घ्यायचा, हे ठरवताना विचार एवढाच करायचा की गोष्ट झाडाची आहे की फळाची. बाग झाडांची असते, म्हणून 'आबेल्यदार्झ्स'. फुले झाडाला येतात, म्हणून 'आबेल्यझिएदी'. या दोन्हींत 'ल'चा 'ल्य' झालेला आहे, कारण 'आबेले'चे षष्ठीचे अनेकवचन 'आबेल्यु' असे तालव्य 'ल्य'ने होते. उलट रस फळाचा निघतो, म्हणून 'आबुओलु सुला', आणि केक फळाचा होतो, म्हणून 'आबुओलमाइझे'. शेतीच्या परिभाषेत हा भेद फार काटेकोर पाळला जातो, आणि तो पाहून मला कौतुक वाटते. फळात शिरणाऱ्या अळीच्या पतंगाचे नाव 'आबुओलु तिनेय्स' असे फळावरून आहे, तर पानांवर व फळांवर काळे डाग पाडणाऱ्या बुरशीजन्य रोगाचे, ज्याला आपल्या हिमाचली व काश्मिरी बागायतदारांत स्कॅब म्हणतात त्याचे, नाव 'आबेल्यु क्राउपिस' असे झाडावरून आहे, कारण तो साऱ्या झाडाचा रोग समजला जातो.

वाणांची नावे मात्र फळाच्या मागे जातात. उन्हाळ्यात सर्वांत आधी पिकणाऱ्या, फिकट सालीच्या वाणाला 'बाल्ताइस जिद्राइस' म्हणतात, म्हणजे 'पांढरा, पारदर्शक'. ही दोन्ही विशेषणे पुल्लिंगी आहेत, कारण मनात 'आबुओल्स' आहे. रीगाच्या वाग्नर रोपवाटिकेतून १८५२ च्या सुमारास हा वाण फ्रान्सला गेला आणि तिथून पश्चिम युरोपभर पसरला, असे फळबागांच्या इतिहासात सांगितले जाते. 'सीपोलिन्श' या दुसऱ्या जुन्या वाणाच्या नावाचा अर्थ छोटा कांदा, आणि तेही पुल्लिंगीच.

फळाच्या शब्दाने बागेबाहेरही बराच संसार मांडला आहे. बुबुळासकट डोळ्याच्या गोळ्याला 'अत्स आबुओल्स', डाळिंबाला 'ग्रानातआबुओल्स', आणि अंगावर गोल ठिपके असलेल्या घोड्याला 'आबुओलाइन्स' म्हणतात. गोल आकार हा या सगळ्यांतला धागा. 'आबुओलिन्श' हा शब्द मात्र फसवा आहे. रूप पाहिले तर ते 'छोटे सफरचंद' असावे, पण रोजच्या भाषेत त्याचा अर्थ क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे गवत. बोलींत याच गवताला 'दाबुओल्स' म्हणतात आणि लिथुआनियनमध्ये 'दोबिलास'. त्यावरून आरंभीचा 'द' सफरचंदाच्या शब्दाच्या प्रभावाने गळून पडला, असे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते मला पटते. कुरणात गाई छोटी सफरचंदे चरत आहेत अशी भाषांतरे यामुळेच होतात.

झाडाच्या शब्दाचे क्षेत्र वेगळे आहे. ते गाण्यांचे आणि म्हणींचे. 'आबुओल्स आबेलेपासून लांब पडत नाही' ही म्हण लाटव्हियनमध्ये फार चालते, आणि मराठीत तिच्यासाठी 'खाण तशी माती' लिहावे. सफरचंद तसेच ठेवण्याचा हट्ट धरू नये. लोकगीतांत मात्र झाड तसेच राहिले पाहिजे. क्रिश्यानिस बारोन्स यांनी जमवून १८९४ ते १९१५ या काळात प्रसिद्ध केलेल्या 'दाइनां'ची संख्या २,१७,९९६ आहे. त्यांची हस्तलिखिते ठेवलेले कपाट २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत दाखल झाले. या चार-चार ओळींच्या गाण्यांत ओक वृक्ष पुरुषाचा, लिंडन वृक्ष स्त्रीचा, आणि बहरलेली पांढरी आबेले लग्नाला आलेल्या मुलीची प्रतिमा होऊन येते. एका गाण्यात सूर्य, जो लाटव्हियनमध्ये स्त्रीलिंगी आहे, आबेलेंच्या बागेत बसून रडतो, कारण झाडावरून सोन्याचे फळ गळून पडले आहे. तिची समजूत घातली जाते की देव दुसरे घडवील, सोन्याचे, तांब्याचे, चांदीचे. अशा ओळींत झाड आणि फळ एका श्वासात येतात. मराठीत 'सफरचंदाचे झाड' असा लांबलचक शब्दप्रयोग केला की छंद कोलमडतो, म्हणून मी भाषांतरात 'आबेले' तसेच ठेवतो आणि पहिल्या ठिकाणी एकदा अर्थ सांगतो.

कोशांबाबत थोडे. कार्लिस मीलेनबाख्स यांनी सुरू केलेला आणि १९१६ मध्ये ते वारल्यावर यानिस एन्ड्झेलीन्स यांनी पूर्ण केलेला, १९२३ ते १९३२ या काळात छापलेला कोश बोलीरूपांसाठी अजूनही पहिला हाताळावा. व्युत्पत्तीसाठी कॉन्स्टान्टिन्स कारुलिस यांचा १९९२ चा दोन खंडांचा कोश सोयीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीच्या छापील मजकुरात शोध घेताना हे ध्यानात ठेवावे की त्या काळच्या जर्मन वळणाच्या लेखनात दीर्घ स्वर दाखवण्यासाठी त्याच्यापुढे 'ह' हे अक्षर लिहीत, त्यामुळे 'आबेले' आजच्या अक्षरांनी तिथे सापडत नाही.

शेवटी नावांचा गोंधळ. इंग्रजीत पांढऱ्या पॉप्लर झाडाला 'अबील' म्हणतात आणि रोमन अक्षरांत ते हुबेहूब आपल्या शब्दासारखे दिसते, पण ते 'पांढरा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे आलेले आहे. बायबलमधला हाबेल लाटव्हियनमध्ये 'आबेल्स' असतो, तोही वेगळा. 'आबेले' आडनाव मात्र खरोखर झाडाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, भूदास्यातून सुटलेल्या शेतकऱ्यांना आडनावे मिळाली तेव्हा झाडांची नावे मोठ्या संख्येने आडनावे झाली. हे आडनाव पुरुषही लावतात, स्त्रियाही, आणि पहिल्या विभक्तीत काहीच फरक दिसत नाही. चतुर्थीत तो दिसतो: पत्र श्रीमती आबेले यांना असेल तर 'आबेलेइ', श्री. आबेले यांना असेल तर 'आबेलेम'.